संपात किमान सेवा किती ठेवायची? टक्के नव्हे, जागा मोजा

प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या कर्मचारी संघटनेने संपाची नोटीस दिली आहे. पाणीपुरवठा, अग्निशमन आणि स्वच्छता विभागांत निम्मे कर्मचारी हजर राहिलेच पाहिजेत, असं पत्र मुख्याधिकाऱ्यांनी काढलं आहे. संघटनेतल्या तरुण पोरांचं म्हणणं आहे, संप म्हणजे संप, एकही माणूस कामावर जाणार नाही. मग किमान सेवा म्हणजे नेमकी किती, ती ठरवायची कोणी आणि कागदावर आणायची कशी? दवाखाना, महावितरण आणि एसटीचं काय, हेही विचारलं आहे.

दोन्ही बाजूंचं म्हणणं कामाचं नाही. निम्मी हजेरी लागली म्हणून नळाला पाणी येतंच असं नाही. आणि कोणीच न गेल्याने संपाला जोर चढतो हा समज गावात जुलाबाचे पेशंट निघाले की त्याच दिवशी फिटतो, कारण त्यानंतर मागण्यांवर कोणी बोलत नाही. कोणत्या पाळीला, कोणत्या जागेवर, कोणतं काम येणारी किती माणसं नसली तर जीवाला धोका होतो, एवढाच हिशोब करायचा. त्यातून जो टक्का निघेल तो निघेल.

कायदा काय म्हणतो

एवढी किमान सेवा द्या आणि बाकीचा संप खुशाल चालवा, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. आपल्याकडे दोनच अवस्था आहेत: मुदती पाळून केलेला संप, नाहीतर बंदी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिच्या कलम ६२ प्रमाणे संपाच्या आधी ६० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोटिशीची अट फक्त लोकोपयोगी सेवांना होती, आता ती सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आहे. तडजोडीची कार्यवाही, म्हणजे कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोरची बोलणी, चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवसही संप करता येत नाही. खरी मेख इथे आहे. तडजोड अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कार्यवाही सुरू झाली असं धरलं जातं. म्हणजे १४ दिवस भरायच्या आत बैठक लागली, तर नोटिशीवरच्या तारखेला केलेला संप बेकायदेशीर ठरू शकतो. संघटना नोटीस देऊन दिवस मोजत बसते, पहिल्या बैठकीला दोन पदाधिकारी सह्या करून येतात, आणि तारीख हातची गेली हे वकिलाकडे गेल्यावर कळतं.

सामूहिक रजेची पळवाटही आता उरली नाही. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. बेकायदेशीर संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या कायद्यात दंड ५० रुपये होता.

त्यावर मेस्मा, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम. सरकारने एखाद्या सेवेसाठी तो लावला की त्या सेवेतला संप बंद, किमान सेवा द्या अथवा देऊ नका. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनचा संप सुरू झाला तेव्हा आधीच्या मेस्माची मुदत संपलेली होती. विधिमंडळात नवं विधेयक तातडीने मंजूर करून घेतलं गेलं. त्याच वर्षी ४ जानेवारीला वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला तेव्हाही मेस्मा लावला होता, आणि त्याच दिवशी चर्चा होऊन संप मागे घेतला गेला. राज्य शासनाच्या सेवेतल्यांना वर्तणूक नियम वेगळे लागू आहेत. शिवाय सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटलेलं आहे.

मग कायदाच विचारत नाही तर किमान सेवेचा कागद कशाला करायचा? कारण संप मिटल्यावर निलंबन, वेतनकपात, सेवाखंड यावर जी घासाघीस होते, त्यात हा कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आम्ही पाणी थांबवलं नाही, ही सहीशिक्क्याची नोंद. आणि संपात कोणी दगावलं, तर जबाबदारी कोणत्या जागेवर होती, त्या जागेवर माणूस होता की नव्हता, हे त्याच कागदावरून ठरतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची भूमिका अशी की ज्या सेवा थांबल्याने लोकांचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येतं त्याच खऱ्या अर्थाने अत्यावश्यक, आणि किमान सेवा ठरवताना संघटनेला टेबलावर जागा हवी. भारताने तिचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार मान्य केलेले नाहीत, त्यामुळे कोर्टात हे बंधनकारक म्हणून मांडता येत नाही. कामगार आयुक्तांसमोरच्या बैठकीत मात्र याचा आधार घ्यायला काही हरकत नाही.

टक्का का फसतो

ब्रिटनने २०२३ मध्ये संपातल्या किमान सेवेचा कायदा केला आणि रेल्वेसाठी वेळापत्रकाच्या ४० टक्के गाड्या असा आकडा ठरवला. तो कायदा २०२५ मध्ये रद्द झाला. इटलीने १९९० पासून वेगळी वाट धरली. तिथे प्रादेशिक रेल्वेला कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळा राखाव्या लागतात, बाकी वेळ संप मोकळा. प्रवाशाला किती टक्के गाड्या धावतात याच्याशी घेणंदेणं नसतं, माझी सकाळची गाडी आहे का एवढंच त्याला कळायला हवं असतं. ती पद्धत टिकली, यात नवल नाही.

आपल्या नगरपरिषदेत निम्मी हजेरी म्हणजे काय होतं ते पाहा. पाणीपुरवठा विभागात ४६ माणसं धरा. २३ आली. त्यात लिपिक ६, शिपाई ३, वसुलीवाले ५, व्हॉल्वमन ८ आणि एक फिटर. पंपचालक कोणीच नाही. मस्टरवर ५० टक्के, नळाला शून्य. उलट नेमक्या जागांवरची १६ माणसं आली तर टक्का ३५ आणि गावाला पाणी आहे.

पाणी: हिशोब असा मांडा

गाव ४०,००० वस्तीचं धरू. माणशी १३५ लिटरच्या निकषाने रोज ५४ लाख लिटर उपसा होतो. पंप तासाला ३ लाख लिटर देतो, म्हणजे १८ तास पंपिंग. आता संपाच्या काळात माणशी ४० लिटर पुरे असं ठरवलं, तर पिणं, स्वयंपाक आणि थोडी धुणीभांडी भागतात. घरापर्यंत १६ लाख लिटर पोचायला हवं. गळती २५ टक्के धरली तर उद्भवावरून २१ लाखांच्या वर उचलावं लागेल. तेवढं साधारण ७ तासांत उचलून होतं. म्हणजे पंपिंग एका पाळीत बसतं. तीन पाळ्यांचं पंपिंग एका पाळीवर आलं, हीच संपाची झळ, आणि ती प्रशासनाला पुरेशी जाणवते.

आता जागा. जॅकवेलवर, म्हणजे उद्भवाचं पाणी उचलायच्या विहिरीवर, पंपिंगच्या पाळीला पंपचालक आणि मदतनीस, म्हणजे २. उरलेल्या दोन पाळ्यांना एकेक, कारण व्होल्टेज खालीवर झालं, पाणी चढलं, केबलची चोरी झाली तर कळवायला माणूस लागतो. झाले ४. जलशुद्धीकरण केंद्रात तसेच ४. जलकुंभ आणि वाटपासाठी व्हॉल्वमन ४, नेहमीच्या १२ पैकी. लिकेजसाठी एक फिटर आणि दोन मदतनीस, घरून बोलावल्यावर येणारे. एक इलेक्ट्रिशियन, तोही बोलावल्यावर. एकूण १६. साप्ताहिक सुटी धरली तर यादीत १९ नावं हवीत. संप आठवड्याच्या पुढे गेला आणि यादीत १६ च नावं असली, तर आठव्या दिवशी पंपावर पेंगणारा माणूस बसलेला असतो.

क्लोरीन गॅसच्या टाक्या असतील तर तिथे एकट्या माणसाला पाठवायचं नाही. गळती झाली तर एक मास्क लावून आत जातो आणि दुसरा बाहेर थांबतो, ही पद्धत संपात मोडली की जीव जातो. सोपा मार्ग असा की संप सुरू होण्याआधी गॅसचे व्हॉल्व बंद करून, टोपणं लावून, नोंद करून ठेवायची आणि तेवढ्या काळापुरतं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर यायचं. हिशोब: लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर २१ लाख लिटरला सव्वाचार किलो लागतं. पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन २५ टक्के असेल तर रोज साधारण १७ किलो पावडर. दहा दिवसांच्या २५ किलोच्या सात पिशव्या झाल्या. पण पिशव्या ताज्या घ्या. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पावडरचा जोर निम्म्यावर येतो आणि डोस बरोबर घातला तरी नळाला क्लोरीन दिसत नाही. शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते पाहायची चाचणी, रोज व्हायलाच हवी, ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर डोस वाढवायचा. ही टेस्ट करणारा माणूस यादीत नसतो, कारण तो बहुतेक ठिकाणी आरोग्य विभागाकडे मोडतो. त्याचं नाव आधी घाला.

पावसाळ्यात संप असेल तर तुरटीचा प्रश्न येतो. नदीला गढूळ पाणी आलं की डोस पाळीगणिक बदलावा लागतो, आणि तो अंदाज जुन्या फिल्टर ऑपरेटरला असतो, नव्याला नसतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर त्या एका जागेवर अनुभवी माणूस असं नावानिशी लिहून घ्या.

मराठवाड्यात एक गोष्ट वेगळी आहे आणि बाहेरच्या कुठल्याही नमुन्यात ती सापडत नाही. आपल्याकडे पाणी रोज येतच नाही. चौथ्या, पाचव्या, आठव्या दिवशी पाळी येते. रोज पाणी येणाऱ्या शहरात एक दिवस पंप बंद राहिला तर लोक बोटं मोडतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. इथे ज्या भागाची पाळी चुकली त्याला पुढचं पाणी थेट दहाव्या दिवशी. म्हणून किमान सेवेत पाळीचा क्रम मोडायचा नाही, पाण्याचा वेळ कमी करायचा. तासाभराचं वीस-पंचवीस मिनिटांवर आणा, पण वार तोच ठेवा. माणशी ४० लिटरने पाच दिवसांचं पाणी म्हणजे पाच जणांच्या घराला एका वेळी १,००० लिटर साठवावं लागतं. बंगल्याच्या हौदाला हे काहीच नाही. झोपडपट्टीत दोन ड्रम असतात, मिळून ४०० लिटरचे. तिथे वेळ कमी करून चालत नाही, पाळीच अलीकडे आणावी लागते, नाहीतर टँकर. ठरावात त्या वस्त्यांची नावं लिहा, 'गरजेनुसार' असं लिहू नका.

आणि टंचाईच्या वर्षी हा सगळा हिशोब गुंडाळून ठेवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तशा उन्हाळ्यात नेहमीचा पुरवठाच किमान पातळीच्या खाली असतो, त्यातून आणखी काय कापणार? तेव्हा पाणीपुरवठ्याची माणसं संपातून पूर्ण बाहेर ठेवून जन्म-मृत्यू दाखले सोडून वसुली, बांधकाम परवानगी आणि बाकी कार्यालय बंद ठेवणं शहाणपणाचं. दाखले का सोडायचे? कारण मृत्यू दाखल्यावाचून विम्याची आणि वारसाची कामं अडतात आणि गावाचा रोष संघटनेवर येतो.

मोठ्या शहराची गोष्ट आणखी वेगळी. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी फारोळ्याच्या केंद्रातून पुढे नक्षत्रवाडीमार्गे टप्प्याटप्प्याने उचललं जातं. अशा योजनेत एका टप्प्यावर माणूस नसेल तर पुढच्या टप्प्यांवर पूर्ण हजेरी असूनही उपयोग नाही. तिथे किमान सेवेची यादी खालच्या टोकापासून वरपर्यंत एकाच हाताने करावी लागते, विभागवार नाही.

बाकीच्या सेवा

अग्निशमनात कपात करायला जागा नसते. एका बंबावर चालक-यंत्रचालक, लिडिंग फायरमन आणि फायरमन मिळून जेवढी माणसं नेहमी चढतात त्याहून कमी माणसांनी बंब बाहेर काढणं म्हणजे फायरमनच्या जीवाशी खेळ. बंब दोन असतील तर एक उभा ठेवता येतो, पण चालू बंबावर माणूस कमी करता येत नाही. कापायचं ते तपासण्या, ना-हरकत दाखले, कार्यक्रमांना बंदोबस्त, कवायत.

स्वच्छतेत उलट आहे. झाडलोट थांबली तर पहिले दोन-तीन दिवस काही बिघडत नाही. मग ओला कचरा सडायला लागतो आणि उन्हाळ्यात पाचव्या दिवसापासून चित्र बदलतं. म्हणून इथे दिवसांप्रमाणे वाढती यादी करा: पहिले तीन दिवस फक्त मेलेली जनावरं, तुंबलेली गटारं आणि दवाखान्याचा परिसर, चौथ्या दिवसापासून भाजी मंडई, मटण मार्केट आणि दाट वस्तीतल्या घंटागाड्या. दवाखान्यातला जैव-कचरा यात धरू नका, तो आधीपासूनच वेगळा आणि अडवायचाच नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला किंवा शरीराच्या भागांचा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही.

दवाखान्याचं कोष्टक बहुतेकांना तोंडपाठ असतं: ओपीडी आणि ठरलेली ऑपरेशनं बंद, अपघात विभाग, आयसीयू, प्रसूतिगृह, नवजात कक्ष, रक्तपेढी चालू. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेडच्या विष्णुपुरीला, अंबाजोगाईला, लातूरला निवासी डॉक्टरांच्या किंवा परिचारिकांच्या संपात ढोबळमानाने हेच धोरण असतं. त्यात ज्या गोष्टी निसटतात तेवढ्या सांगतो. डायलिसिस आठवड्याला तीनदा लागणारे पेशंट दोन पाळ्या चुकले की थेट अपघात विभागात येतात, म्हणून डायलिसिस तंत्रज्ञ यादीत हवा. कुत्रा चावलेल्याची लस ठरलेल्या दिवशी पडायला हवी, ०, ३, ७ असे दिवस धरून. ओपीडी बंद म्हणजे इंजेक्शनची खोली बंद असं गृहीत धरलं जातं आणि खेड्यातून आलेला माणूस परत जातो. सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा खरीपात वाढते, त्यामुळे त्या महिन्यांत अपघात विभागातली माणसं नेहमीपेक्षा कमी नकोत, हवी तर एक जास्तच. ऑक्सिजन प्लांटचा ऑपरेटर कंत्राटी असतो, त्याचं नाव कोणत्याच संघटनेच्या यादीत येत नाही. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक परिचारिका हे प्रमाण संपातही तेच. पेशंट कमी करता येतात, प्रमाण नाही. म्हणून संपाच्या आधीचे तीन दिवस ठरलेली भरती थांबवणं, हा किमान सेवेचाच भाग आहे. वॉर्ड भरलेले ठेवून संपाला बसायचं आणि मग माणसं कमी पडली म्हणायचं, हे दोन्ही बाजूंना महागात जातं.

महावितरणमध्ये ३३/११ केव्ही उपकेंद्रावर प्रत्येक पाळीला एक यंत्रचालक आणि विभागाला दोघादोघांची एक ब्रेकडाऊन टीम, एवढ्यात दवाखाना, पाणीयोजना आणि गावाचा मुख्य फीडर सांभाळता येतो. नवीन जोडणी, वसुली, तोडणी, मीटरची कामं बंद. दोन गोष्टींवर मात्र अडून राहा. संपाची वेळ सुरू होण्याआधी घेतलेले सगळे लाइन क्लिअर परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून तिच्यावर काम करायचे परवाने, ज्याने घेतले त्यानेच परत केलेले असले पाहिजेत. रात्री १२ ला संप सुरू झाला, परमिट घेणारा घरी गेला आणि त्याच्या नावाचं परमिट उघडं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी तो फीडर कोणी चालू करायचा? आणि ठेकेदाराचा अप्रशिक्षित पोरगा खांबावर चढवायचा नाही, मग डीपी दोन दिवस बंद राहिला तरी चालेल. संपातले विजेचे अपघात बहुधा असेच होतात.

एसटी खऱ्या अर्थाने अत्यावश्यक नाही असं माझं मत. पण २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा मराठवाड्यातल्या ज्या गावांना एसटीशिवाय दुसरी गाडी नाही तिथे शाळा आणि दवाखाना दोन्ही तुटले. अशा सेवेत पहिल्या दिवशी किमान सेवा शून्य चालते, महिन्यानंतर चालत नाही. मार्गांची यादी करा: मुक्कामी गाड्या, जिल्हा रुग्णालयाला जोडणाऱ्या फेऱ्या, दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस. आणि आगारात मेकॅनिक ठेवा, नुसते चालक-वाहक ठेवून चौथ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात.

कागद कसा करायचा

नोटीस दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी संघटनेने स्वतःहून किमान सेवेचा मसुदा द्यावा. प्रशासनाची वाट पाहिली की तिकडून ५० टक्क्यांचं पत्र येतं आणि मग सगळी शक्ती ते खोडण्यात जाते. शक्यतो तडजोड अधिकाऱ्यासमोरच्या बैठकीच्या इतिवृत्तात मसुदा जोडून घ्या, म्हणजे तो दोघांचा कागद होतो.

जागा प्रशासनाने मांडायच्या, नावं संघटनेने द्यायची. हा नियम एकदा मोडला की करार मोडला, कारण प्रशासनाच्या यादीत पहिली पाच नावं नेहमी अध्यक्ष, सचिव आणि त्यांचे उजवे हात असतात. नावं संपाच्या ४८ तास आधी, पाळीवार, पर्यायी माणसासह. नेमलेला माणूस आला नाही तर तासाभरात दुसरा पाठवायची जबाबदारी संघटनेची. किमान सेवेवरच्या माणसाला पूर्ण पगार, आणि त्याला त्याच्या जागेचं सोडून दुसरं काम सांगायचं नाही. पंपचालकाला वसुलीच्या पावत्या फाडायला बसवलं तर तो उठून जाईल, आणि त्याचं बरोबर आहे. काळी फीत लावायला हरकत घेऊ नये. ओळखपत्रासोबत दोघांच्या सहीचा पास द्या, नाहीतर गेटवर आपलीच मंडळी त्याला अडवतात.

तिघांची समिती नेमा: एक अभियंता, एक संघटनेचा, एक तहसील किंवा कामगार कार्यालयाचा. तिघांचे फोन २४ तास चालू. क्लोरीन ०.२ च्या खाली, मुख्य जलवाहिनी फुटणं, पूर, मोठी आग, साथ, यांपैकी काही झालं तर समिती एका तासात जादा माणसं बोलावू शकते आणि प्रसंग संपला की ती परत जातात. ही परतीची अट लिहिली नाही तर एका लिकेजच्या नावाखाली आठ दिवस बारा माणसं बसवून ठेवतात. ७२ तासांनी आणि सातव्या दिवशी यादीचा आढावा.

सही करणाऱ्या माणसाचा बंदोबस्त कोणी करत नाही. लेखापाल संपावर असतो, डिझेलचं बिल निघत नाही, जनरेटर बंद पडतो. पंपावर माणूस हजर, पण डिझेल नाही. संपाच्या आधी दहा दिवसांचं डिझेल, तुरटी, टीसीएल आणि पंपाचे फ्यूज, ग्लँडचे दोर जागेवर ठेवून साठ्याची नोंद दोघांच्या सहीने करा. किल्ल्यांचंही तसंच. व्हॉल्व चेंबरची टी-की, स्टोअरची किल्ली, पॅनल रूमची किल्ली कुणाच्या खिशात आहे हे लिहा. सुपूर्द-नोंदवहीत संप सुरू होतानाची जलकुंभाची पातळी, पंपाचे तास, क्लोरीनचा साठा आणि चालू बिघाड असा एक पानाचा उतारा हवा. पुढे 'संपकऱ्यांनी मोटार जाळली' असा आरोप झाला की हेच पान कामी येतं.

कंत्राटी आणि रोजंदारीवाल्यांचा प्रश्न शेवटी येतो, पण तोच जास्त चिघळतो. ते संपात नसतात, नोटिशीत त्यांचं नाव नसतं, आणि प्रशासन पहिल्याच दिवशी त्यांना पंपावर बसवतं. ज्याला स्टार्टरची ओळख नाही त्याने लो व्होल्टेजला पंप चालू केला की मोटार जळते. ज्या जागेवर ते नेहमी काम करतात तिथे त्यांनी करावं, दुसऱ्या जागेवर बसवू नये, एवढं करारात घाला. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, त्यांची नोकरी तुमच्यापेक्षा कच्च्या धाग्यावर आहे.

संप मिटल्यावरचे पहिले २४ तासही याच कागदात हवेत. मुख्य जलवाहिनी रिकामी झाली असेल तर पूर्ण दाबाने पंप सोडायचा नाही. आत हवा अडकते आणि पाण्याच्या दणक्याने सांधे फुटतात. एअर व्हॉल्व उघडे आहेत का पाहून, डिलिव्हरी व्हॉल्व हळूहळू उघडत लाइन भरायची. संपभर थोडंथोडं पंपिंग चालू ठेवण्याचा हा मोठा फायदा, लाइन भरलेली राहते. फिल्टर बेड बंद राहिले असतील तर आधी बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं, मग जादा क्लोरीनचा डोस, टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, आणि मग वाटप. पहिलं पाणी ज्या भागाची पाळी संपात सगळ्यात जास्त लांबली त्या भागाला, नगराध्यक्षांच्या गल्लीला नव्हे.